पुढचा शॉट

फेब्रुवारीतल्या एका रविवारची संध्याकाळ. बाहेर उणे चौदा, गाडीतला हीटर पूर्ण सोडलेला, आणि मागच्या सीटवर माझा अकरा वर्षांचा मुलगा खिडकीला डोकं टेकून बसलेला. डिकीत त्याची गोलीची बॅग. इथे कॅनडात मुलं आइस हॉकीच्या गोलरक्षकाला ‘गोली’ म्हणतात आणि आमच्या घरात तो शब्द आता मराठीच झालाय. त्या बॅगेतून ओल्या पॅडांचा, घामाचा आणि रबराचा मिळून एक कुबट वास येतो. तो गाडीभर पसरला होता. सामन्याच्या तीन पीरियडांपैकी पहिला संपत आलेला असताना त्याच्या दोन पायांमधून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, आत गेला. तिसरा गोल. बझर वाजला, कोचने बेंचजवळून हात केला आणि पुढच्या पीरियडला दुसऱ्या मुलाला जाळीसमोर उभं केलं. कुणी ओरडलं नाही, कुणी रागावलं नाही. उरलेला सगळा सामना माझा मुलगा बेंचच्या टोकाला बसून होता. आत-बाहेर करणाऱ्या खेळाडूंसाठी बेंचचं छोटं दार उघडायचं आणि लावायचं, हे राखीव गोलीचं काम असतं. ते तो करत राहिला.

मी आईसारखं बोलले. “होतं रे असं. पुढच्या वेळी अडवशील.” तो गप्प. हायवे सोडून आमच्या रस्त्याला वळलो तेव्हा काचेकडेच बघत म्हणाला, “आई, गोल गेला त्याचं नाही गं. मला पुढचा शॉट हवा होता.”

त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागू दिली नाही.

मला वाटत होतं, त्याला अपमान झोंबलाय. मित्रांसमोर, मित्रांच्या आईवडिलांसमोर काढून घेतलं, याचं वाईट वाटतंय. त्याचं दुःख वेगळंच होतं. गोल खाल्लेल्या गोलीला उत्तर द्यायची एकच जागा असते, ती म्हणजे पुढचा शॉट. फॉरवर्डला चूक भरून काढायला अख्खं मैदान मोकळं असतं. तो धावू शकतो, कुणाला अडवू शकतो, दुसऱ्याला पास देऊ शकतो. गोलीने काय करायचं? सहा फूट रुंद आणि चार फूट उंच चौकटीसमोर उभं राहून वाट बघायची. ती वाट बघणंच त्याच्याकडून काढून घेतलं होतं.

अंधारात पडल्या पडल्या मला मिरजेतल्या आमच्या घरातली एक वही आठवली. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे सोव्हिएत मासिकं यायची. जाड, गुळगुळीत कागद, छपाईच्या शाईचा एक वेगळा गोडसर वास. आतला मजकूर घरात कोण किती वाचायचं कोण जाणे, पण जूनमध्ये शाळा सुरू झाली की त्या कागदांना मागणी यायची. बाबा वह्यांना कव्हरं घालून द्यायचे, घड्या नखाने दाबून. माझ्या गणिताच्या वहीवर एका वर्षी ट्रॅक्टर होता, एका वर्षी अंतराळवीर, आणि तिसरीत असताना एक माणूस होता, ज्याच्या तोंडावर लोखंडी जाळी होती. लाल कपडे, पायांना गाद्यांसारखं काहीतरी बांधलेलं, गुडघे वाकवलेले, डावा हात पंजा उघडून पुढे. हा कोण, म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले, “रशियाचा गोलकीपर आहे. त्रेत्याक.” बर्फावर हॉकी खेळतात हेच मला तेव्हा खरं वाटलं नव्हतं. पावकी-निमकीची उजळणी चालू असायची आणि मी त्या जाळीमागचे डोळे दिसतात का, ते बघत बसायचे.

व्लादिस्लाव त्रेत्याक. हॉकीच्या या देशात राहायला आल्यावर ते नाव पुन्हा भेटलं. टोरंटोत यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८८५ सालची एका बँकेची जुनी इमारत आहे, रंगीत काचांच्या घुमटाची. तिथे हॉकीचं ‘हॉल ऑफ फेम’ आहे. मुलाला घेऊन गेले होते तेव्हा सन्मानितांच्या रांगांमध्ये हे नाव दिसलं आणि माझी गणिताची वही डोळ्यांपुढे आली. कॅनडाच्या, अमेरिकेच्या लीगमध्ये हा माणूस एकही सामना खेळला नव्हता. तरी १९८९ मध्ये त्यांनी त्याला आत घेतलं. सोव्हिएत खेळाडूंमधला पहिला.

त्या रविवारनंतरच्या आठवड्यात मी आणि मुलगा रोज रात्री जेवणं झाली की तळघरात बसून त्रेत्याकच्या सामन्यांची जुनी चित्रणं बघायला लागलो. मी हे ठरवून केलं होतं. मला मुलाला सांगायचं होतं, की तुला काढलं तसं जगातल्या सर्वांत मोठ्या गोलीलाही काढलं होतं. पण ती गोष्ट लगेच सांगायची नव्हती. आधी त्याने त्रेत्याकला बघायला हवं होतं.

१९५२ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोजवळच्या एका खेड्यात जन्म. आई शाळेत व्यायामशिक्षिका, वडील लष्करी वैमानिक. अकरा-बारा वर्षांचा असताना मॉस्कोतल्या लष्कराच्या क्लबच्या, म्हणजे त्सेस्काच्या, मुलांच्या शाळेत दाखल झाला. गोली व्हायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण खेळाडूंचा खरा पोशाख सगळ्या मुलांना पुरत नव्हता आणि जाळीत उभं राहायला कुणी तयार नव्हतं. पोशाख मिळणार असेल तर मी उभा राहतो, असं हा म्हणाला. मुलगा हे ऐकून खूश झाला, कारण त्याचंही साधारण तसंच झालं होतं. त्याला पॅडचा निळा रंग आवडला होता.

मग आले अनातोली तारासोव्ह. सोव्हिएत हॉकी ज्यांनी उभी केली ते कोच. पंधरा वर्षांच्या या पोराला त्यांनी हेरलं आणि मोठ्यांच्या संघाबरोबर सरावाला उभं केलं. एका वेळी अनेक जण शॉट मारतायत आणि हा एकटा. त्यांनी त्याला एक टेनिसचा चेंडू दिला आणि सांगितलं, हा सतत जवळ ठेवायचा. चालताना, बसलेला असताना, जिथे असशील तिथे उडवायचा आणि झेलायचा. तारासोव्हांच्या शिस्तीत हे सवडीने करायचं काम नव्हतं. चेंडू जवळ नाही असं दिसलं, की झाडाझडती. ही गोष्ट ऐकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या तळघराच्या भिंतीवर चेंडू आपटायला लागला. ठप्. ठप्. मी वर स्वयंपाकघरात कांदा चिरत असले की पायाखालून तो आवाज यायचा, आणि मध्येच चुकला की चेंडू घरंगळत कपडे धुण्याच्या मशीनमागे जायचा, मग थोडा वेळ शांतता.

वीस वर्षं पूर्ण व्हायच्या आधी त्रेत्याकच्या गळ्यात ऑलिंपिकचं सुवर्ण होतं, १९७२ चं, सापोरोचं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडाचे नावाजलेले व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ पहिल्यांदा समोरासमोर आले, आठ सामन्यांसाठी. त्याआधी कॅनडाचे दोन जण सोव्हिएत संघाची पारख करायला मॉस्कोला गेले होते. त्यांनी त्रेत्याकला नेमकं त्या सामन्यात पाहिलं, ज्यात त्याने गोलांमागून गोल खाल्ले. लग्न अगदी तोंडावर आलेलं, डोकं ठिकाणावर नव्हतं. हेर परत आले आणि सांगितलं, की यांचा गोली कच्चा आहे.

२ सप्टेंबर १९७२, मॉन्ट्रियल. सामन्याच्या आधी सोव्हिएत संघाच्या खोलीत एक अनपेक्षित पाहुणा आला. जाक प्लान्त. मॉन्ट्रियलचा जुना थोर गोली, ज्याने १९५९ मध्ये चेहरा फाटल्यावर टाके घालून घेतले आणि मुखवट्याशिवाय पुन्हा बर्फावर जायला नकार दिला, आणि ज्याच्यामुळे गोलींच्या तोंडावर कायमचा मुखवटा आला. तो दुभाष्याला घेऊन आला आणि या वीस वर्षांच्या मुलाला फळ्यावर काढून समजावू लागला, की आमचा अमुक खेळाडू कुठून मारतो, तमुकच्या समोर जाळीत किती मागे राहायचं. स्वतःच्या देशाविरुद्ध खेळणाऱ्या पोराला! त्याला का वाटलं असेल असं? मला वाटतं, आज या पोराची धुलाई होणार हे त्याला ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं, आणि जाळीसमोर एकट्याने उभं राहणं काय असतं हे त्या इमारतीत त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन गोली भेटले. देश बाजूला राहिले.

पहिल्या सहा-सात मिनिटांतच दोन गोल त्याच्या मागे गेले. त्या क्षणी हेर बरोबर ठरले होते. पण त्याला कुणी काढलं नाही, तो उभा राहिला, आणि सोव्हिएत संघाने तो सामना ७–३ असा जिंकला. आठही सामने तोच खेळला. शेवटचा मॉस्कोत, आणि त्यात ३४ सेकंद उरलेली असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि मालिका कॅनडाची झाली. इथल्या साठी-सत्तरीच्या कुठल्याही माणसाला विचारा, त्या क्षणी आपण कुठे बसलो होतो, शाळेत कुठल्या वर्गात टीव्ही लावला होता, हे तो सांगेल. त्या प्रसिद्ध छायाचित्रात हेंडरसन हात उंचावून उडी मारतोय आणि त्रेत्याक बर्फावर पडलेला आहे. मी आता ते छायाचित्र पाहिलं की त्या पडलेल्याकडेच नजर जाते.

पण मुलाला सर्वांत जास्त भावला तो १९७५ च्या ३१ डिसेंबरचा सामना. पुन्हा मॉन्ट्रियल, यावेळी तिथला क्लब आणि त्सेस्का. यजमानांनी ३८ शॉट मारले. पाहुण्यांनी १३. सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. आकडे वाचले की कळतं, पण बघितल्यावर जे कळतं ते वेगळं. त्रेत्याक धडपडत नाही. पक कोपऱ्यात असतो तेव्हा तो चौकटीच्या खांबाला पाय लावून, किंचित वाकून, जणू काही बसची वाट बघतोय. मग समोरून एक पास येतो, आणि पासच्या आधी याची पावलं हललेली असतात. दोन-तीन छोटी, भराभर, कडक पावलं. पक येतो तो त्याच्या पॅडवर. मुलाने चित्रण थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. तीनदा. मग म्हणाला, “आई, तो झेप घेत नाहीए. तो आधीच तिथे आहे.” मॉन्ट्रियलचे लोक, ज्यांचा संघ इतकं खेळूनही जिंकला नाही, ते त्याच्यासाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. गोलीचे पॅड तेव्हा चामड्याचे, आत प्राण्यांचे केस भरलेले. तिसऱ्या पीरियडपर्यंत पाणी आणि घाम पिऊन जड व्हायचे. १७० ग्रॅमचा गोठवलेला रबरी पक त्यावर आपटला की ओल्या गादीवर धोपटणं मारल्यासारखा आवाज येतो. खेळ कुणाचा का असेना, त्या रात्रीचा तो आवाज ऐकत राहावासा वाटतो.

आणि मग ती गोष्ट मी सांगितली.

२२ फेब्रुवारी १९८०, लेक प्लॅसिड, अमेरिका. ऑलिंपिक. समोर अमेरिकेची कॉलेजातली पोरं, ज्यांना याच सोव्हिएत संघाने दोनच आठवड्यांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये १०–३ असं हरवलं होतं. पहिला पीरियड संपत आलेला. सोव्हिएत संघ २–१ असा पुढे. अमेरिकेच्या एकाने लांबून, सहज म्हणून मारावा तसा शॉट मारला. त्रेत्याकने अडवला, पण पक पॅडला लागून समोर पडला. बचावपटूंनी पाय आवरले होते. पीरियड संपलाच असं त्यांना वाटलं. मार्क जॉन्सन त्यांच्यामधून घुसला आणि गोल झाला. घड्याळात एक सेकंद उरला होता. एक सेकंद! कोच व्हिक्टर तिखोनोव्हने त्रेत्याकला बाहेर काढलं आणि व्लादिमीर मिश्किनला उभं केलं.

मिश्किन काही ऐरागैरा नव्हता. आदल्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उत्तर अमेरिकेच्या निवडक खेळाडूंविरुद्ध त्याने एकही गोल होऊ दिला नव्हता, ६–० असा तो सामना होता. आणि दुसऱ्या पीरियडमध्ये तर अमेरिकनांचे दोनच शॉट जाळीवर आले. सोव्हिएत संघ ३–२ असा पुढे गेला. तिखोनोव्हचा निर्णय उरलेल्या दोन पीरियडांच्या चाळीस मिनिटांतली बरीचशी मिनिटं बरोबर दिसत होता. शेवटच्या पीरियडमध्ये मात्र दोन गोल गेले, जॉन्सनचा आणि एरुझिओनेचा, आणि सामना अमेरिकेने ४–३ असा जिंकला. अमेरिकेत आजही त्याला चमत्कार म्हणतात. तिखोनोव्हने पुढे स्वतः कबूल केलं, की त्रेत्याकला काढणं ही आपली सर्वांत मोठी चूक होती.

सगळे त्या चमत्काराकडे बघतात. ती कॉलेजातली पोरं, ते झेंडे, तो जल्लोष. ते सगळं खरंच सुंदर आहे, मला कबूल आहे. पण त्या रात्री मी आणि माझा मुलगा बेंचकडे बघत होतो. कॅमेरा तिकडे जातच नाही. सत्तावीस वर्षांचा, जगातला पहिल्या नंबरचा गोली, चाळीस मिनिटं बसून आहे. पाय गार पडतायत. पॅड ओले आहेत. समोर खेळ चालू आहे आणि प्रत्येक वेळी पक निळ्या रेषेपलीकडे आला, की त्याचे गुडघे आपोआप वाकत असतील. माझ्या मुलाचे वाकत होते, मी वरून बघितलं होतं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांमध्ये बसून, कांबळं मांडीवर घेऊन, कॉफीच्या कपाने हात शेकत त्याचे गुडघे बघत होते.

मुलाने विचारलं, “मग त्याला पुढचा शॉट कधी मिळाला?”

मिळाला. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा मॉन्ट्रियलला ‘कॅनडा कप’ स्पर्धेचा अंतिम सामना, कॅनडाविरुद्ध, आणि ८–१ असा विजय. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. ते यश गोड कितपत लागलं असेल, कुणास ठाऊक. स्पर्धेच्या तोंडावर संघ कॅनडात असताना मॉस्कोहून बातमी आली होती, की खार्लामोव्ह मोटार अपघातात गेला. व्हालेरी खार्लामोव्ह, त्याचा इतक्या वर्षांचा साथीदार, सोव्हिएत हॉकीतला सर्वांत देखणा खेळ ज्याचा होता तो. त्या वेळी त्याला संघातून वगळलेलं होतं, म्हणून तो मागे राहिला होता. कुणाला नेलं, कुणाला ठेवलं, कुणाला काढलं. एका माणसाच्या हातातल्या कागदावर किती काय अवलंबून असायचं!

आणि मग १९८४, सारायेव्हो. शेवटचा सामना चेकोस्लोव्हाकियाशी, २–० असा जिंकला. एकही गोल जाऊ दिला नाही. तिसरं ऑलिंपिक सुवर्ण. चार वर्षांनी मिळालेलं उत्तर. इथे मुलगा उठून उभा राहिला होता, सोफ्यावर.

मी इथे थांबले असते तर त्याला बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण त्यानंतरचं मला जास्त लागतं. १९८३ मध्ये मॉन्ट्रियलच्या क्लबने इथल्या लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत त्रेत्याकचं नाव घेतलं होतं, सातव्या फेरीत, १३८ वं. ज्या शहराने त्याला उभं राहून टाळ्या दिल्या, तिथे खेळायला त्याला परवानगी मिळाली नाही. आणि घरी? त्सेस्काचे खेळाडू वर्षातले दहा-अकरा महिने मॉस्कोबाहेर अर्खांगेल्स्कोयेच्या तळावर राहायचे. बायको-मुलं शहरात, काही किलोमीटरवर. पंधरा वर्षं खेळल्यावर, दहा जागतिक विजेतेपदांनंतर, बत्तिशीत आलेल्या त्रेत्याकने मागितलं ते एवढंच, की मला घरी राहू द्या, मी सरावाला वेळेवर येईन, सामन्याच्या आदल्या दिवशी तळावर येईन. तिखोनोव्हने नाही म्हटलं. एकाला सूट दिली तर बाकीचेही मागतील. त्रेत्याकने खेळ थांबवला. वयाने थांबला नाही, गुडघ्यांनी थांबला नाही. गोली तर बत्तिशीनंतर खऱ्या अर्थाने पिकायला लागतात. रात्री मुलांच्या शेजारी झोपायला मिळावं म्हणून जगातल्या सर्वोत्तम गोलीला जाळी सोडावी लागली. किती शॉट राहून गेले असतील! हा विचार मनात आला की मला त्या कोचचा राग येतो, त्या वेळच्या त्या व्यवस्थेचा राग येतो, आणि हेही आठवतं, की ते टेनिसचे चेंडू, ती पावलं, ते तीन सुवर्णांचं वैभव त्याच तळावर, त्याच दडपणाखाली घडलं. दोन्ही एकाच माणसात आहेत. मला ते वेगळे करता येत नाहीत.

पुढे १९९० पासून तो शिकागोच्या क्लबमध्ये गोलींना शिकवायला आला. त्याच्या हाताखालच्या एड बेलफोरने पुढे त्याच्या आदराने २० हा क्रमांक पाठीवर घेतला. २०१४ मध्ये सोचीला ऑलिंपिकची ज्योत पेटवणाऱ्या दोघांत तो होता. २००३ पासून तो रशियाच्या संसदेत, म्हणजे ड्यूमात, आहे, २००६ पासून तिथल्या हॉकी महासंघाचा अध्यक्ष. युक्रेनवरचं आक्रमण सुरू झाल्यावर ड्यूमाचा सदस्य म्हणून त्याचं नाव पाश्चात्त्य देशांच्या निर्बंधांच्या यादीत आलं. आमच्या रिंकवर युक्रेनमधून आलेली दोन मुलं खेळतात. त्यांच्या आया माझ्या शेजारी बसतात, डबे उघडतात, मला त्यांची मनुका घातलेली पोळी देतात. त्यांच्यासमोर मी हे नाव घेऊ शकलेले नाही. माझ्या वहीवरचा जाळीतला माणूस आणि त्या बायकांची घरं, यांच्यामध्ये मला कुठेही उभं राहायला नीट जागा सापडत नाही. मुलाला मी तेही सांगितलं. तो बराच वेळ चेंडू हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “पण पावलं तर त्याचीच बेस्ट आहेत ना.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मिरजेला आईला फोन केला होता, त्या जुन्या वह्यांचं काही उरलंय का विचारायला. बाबा गेल्यावर माळा साफ केला, तेव्हा सगळी रद्दी गेली. ती म्हणाली, “ते जाळीचं तोंड ना? तू त्याच्यावर पेनने डोळे काढले होतेस. बाबा रागावले होते.” मला हे अजिबात आठवत नाही.

पुढच्या रविवारी सामना होता. सकाळी सात वाजता रिंकवर पोचलो. बर्फ नुकताच गुळगुळीत केलेला, वर पाण्याचा पातळ थर चमकत होता. रबरी चटईवर पोरांच्या स्केट्सचा खडखडाट चालला होता. सुरुवातीला दुसरा मुलगा जाळीत गेला. माझा बेंचच्या टोकाला, हेल्मेट डोक्यावर, जाळी खाली ओढलेली. पहिल्या पीरियडभर मी त्याच्याकडेच बघत होते. तो पहिल्या रविवारसारखा बसलेला नव्हता. दाराच्या कडीवर हात ठेवून उभा होता. खेळाडू बेंचकडे वळायच्या जरासं आधी दार उघडायचा, शेवटचा आत आला की लावायचा, एकदाही घाई न करता. पक आपल्या बाजूला आला की गुडघे वाकायचे, पावलं हलायची, दोन-तीन, भराभर, जागच्या जागी.

दुसरा पीरियड सुरू व्हायच्या आधी कोचने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली. त्याने कडी सोडली, दार स्वतःसाठी उघडलं आणि बर्फावर उतरला.